मेस्त्रीकाकांच्या शेपट्या

आमच्या सोसायटीतले मेस्त्रीकाका कुणाच्या घरी सांत्वनाला गेले, की चपला काढायच्या आधी माळ्याकडे बघतात. गेलेल्या माणसाच्या फोटोला नमस्कार नंतर. माळ्याला दारं आहेत की पडदा, वर पुठ्ठ्याची खोकी किती, पत्र्याच्या ट्रंका किती, एवढं एका नजरेत टिपून घेतात आणि मग घरच्यांसमोर बसतात. दोन मिनिटं गप्प. मग म्हणतात, "वाईट झालं." आणखी एक मिनिट गप्प. मग, "कॅसेटी आहेत काय?"

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हा प्रकार माझ्या घरी झाला. माझा नवरा मोहन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता आणि काका मांडीवरची कापडी पिशवी सावरत मला विचारत होते, कॅसेटी आहेत काय.

"काका, आज तिसरा दिवस आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच," ते म्हणाले. "दहाव्यानंतर आवराआवर. मग भंगारवाला. मगे काय?"

मी त्यांना सांगितलं, की माळ्यावर पितळेची भांडी आहेत आणि एक मोडका पाळणा. त्यांनी मान हलवली, चहा पूर्ण प्यायला आणि गेले. पिशवी एकदाही खाली ठेवली नाही. मेस्त्रीकाका पिशवी कधीच खाली ठेवत नाहीत. बोलताना एक पाय जिन्याच्या पुढच्या पायरीवर असतो आणि पिशवी खांद्याला.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, की तुम्हाला मेलेल्यांचीच घरं का लागतात, जिवंत माणसांकडे कॅसेटी नसतात का? त्यांनी दिलेलं उत्तर मला पटलं. जिवंत माणूस 'बघतो हं काका' म्हणतो आणि बघत नाही. गेलेल्याच्या घरी माळा उघडावाच लागतो.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. काका मूळचे मालवणकडचे, वय शहात्तर, राहणार बोरिवली पूर्व, आमच्या इमारतीचा तिसरा मजला. आयुष्यभर एका रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर त्यांनी रेडिओवरच्या बायकांच्या दुपारच्या कार्यक्रमाचा इतिहास लिहायला घेतला. त्या कार्यक्रमात इंदूताई नावाच्या बाई श्रोत्यांची पत्रं वाचायच्या आणि उत्तरं द्यायच्या. डाळीतल्या किड्यांपासून नवऱ्यापर्यंत कुठल्याही तक्रारीवर. बरीच वर्षं हे चाललं आणि त्यातला एकही कार्यक्रम आज कुठे शिल्लक नाही.

"एकही नाही?" मी विचारलं होतं.

"मोठ्या लोकांची भाषणं ठेवली. गाणी ठेवली. बायकांची पत्रं कोण ठेवणार? टेप कमी, कार्यक्रम जास्त. सगळीकडे असंच चालायचं. आठवडाभराचे कार्यक्रम झाले, की शनिवारी पुसायचे आणि सोमवारी त्याच टेपवर नवे भरायचे."

"कोण पुसायचं?"

"मी," काका म्हणाले. "चांगलं मोठं चुंबक होतं. त्यावरून टेपचं चाक फिरवलं, की संपलं. आवाजसुद्धा होत नाही."

हे त्यांनी अगदी सहज, भाजी निवडल्यासारखं सांगितलं. पण त्यांच्या दारावर आतल्या बाजूने खडूने एक वाक्य लिहिलेलं आहे: आधी आयका, मगे पुसा. तुम्ही घरातली कुठलीही वस्तू टाकायला निघालात आणि ते समोर आले, तर हेच वाक्य ऐकवतात. मी एकदा बिघडलेला मिक्सर घेऊन खाली चालले होते, तेव्हाही ऐकवलं.

मग कार्यक्रम शोधायचे कुठे? इथे काकांचं डोकं चालतं. इंदूताईंचा कार्यक्रम संपला, की गाणी लागायची. घरोघरी बायका ती गाणी कॅसेटवर भरून घ्यायच्या, आणि सुरुवात चुकायला नको म्हणून बटण चार-सहा सेकंद आधी दाबायच्या. त्यामुळे गाण्याच्या आधी इंदूताईंचं शेवटचं अर्धं वाक्य त्या कॅसेटवर आपोआप यायचं. या तुकड्यांना काका शेपट्या म्हणतात. लोक गाणी जमवतात, मेस्त्रीकाका गाण्याआधीच्या शेपट्या जमवतात. गाणं सुरू झालं, की ते टेप बंद करतात.

त्यांची एक वही आहे. त्यात क्रमांक, कुणाच्या घरची, किती सेकंद आणि शेवटचा रकाना 'काय ऐकू आलं'. मी चाळलेली आहे. शेपटी सात, चार सेकंद: "...नाहीतर डाग तसाच राहील. नमस्कार." शेपटी अकरा, तीन सेकंद: "...आणि हिंग शेवटी. नमस्कार." शेपटी सोळा, नऊ सेकंद: "...एवढं करून पाहा, पण सासूबाईंना सांगू नका. नमस्कार."

या सोळा नंबरच्या शेपटीवर आमच्या सोसायटीत पंधरा दिवस चर्चा चालली होती. सासूबाईंना काय सांगायचं नाही? दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांचं म्हणणं, सून शिकायला जाणार असेल. मोहन म्हणाला, अंडं. मी म्हटलं, दोन्ही असेल, अंडं खाऊन शिकायला जाणार असेल. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अंदाज करू नका. अंदाजाने इतिहास खराब होतो." आणि जिना चढून गेले.

नॅशनल पार्क जवळ असल्यामुळे आमच्याकडे माकडं येतात. काकांनी एकदा दमट झालेल्या कॅसेटी खिडकीत वाळत ठेवल्या होत्या, पापडासारख्या, एका ओळीत. माकडाने त्यातली एक उचलली, कडुलिंबावर नेली आणि टेप बाहेर ओढत बसलं. चॉकलेटी फीत फांद्याफांद्यांतून लोंबायला लागली. एरवी न बोलणारे काका खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि आम्ही कधी न ऐकलेलं मालवणी ऐकलं. "मेल्या, तुझ्या बापाशीन कधी रेडिओ आयकल्यान काय रे?"

मग बांबूला आकडा बांधून त्यांनी सगळी फीत उतरवली. दोन दिवस बॉलपेन घालून गुंडाळत बसले. पेन्सिल नाही; पेन्सिल सैल पडते, षटकोनी बॉलपेनच लागतो, हेही मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तर खूश. "तुटली नाही कुठे. माकडाचा हात हलका असतो, सेक्रेटरीबाई. माणसं फार वाईट ओढतात."

सेक्रेटरीबाई म्हणजे मी. सोसायटीची सेक्रेटरी आहेच, पण माझी खरी नोकरी रक्त तपासायच्या लॅबमध्ये. बाटलीवर लेबल, लेबलावर नाव, नाव तपासूनच पुढचं काम. माझ्या धंद्यात लेबल चुकलं, तर भलत्याच माणसाला मधुमेह होतो. त्यामुळे काकांशी माझं एका बाबतीत कधी जमलं नाही. ते कॅसेटवरचं लेबल वाचतच नाहीत.

"यावर 'भक्तिगीते' लिहिलंय, काका."

"लेबल खोटं बोलतं."

"माणसाने लिहिलंय ना?"

"भरलं तेव्हा लिहिलं. नंतर त्यावर काय काय भरलं, ते कोण लिहितो? शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कॅसेटीत काय आहे, ते देवाला पण माहीत नसतं."

यंदा आमची इमारत पुनर्विकासाला गेली. जागा रिकामी करायला दोन महिने. लोक दहिसरपासून विरारपर्यंत भाड्याच्या घरांत पांगणार, आणि त्याआधी चाळीस वर्षांचे माळे खाली येणार. एरवी कुणाच्या जाण्याची वाट बघावी लागायची, आता एकदम अठ्ठावीस माळे. काकांना मी इतकं बेचैन कधी पाहिलं नव्हतं. सकाळी साडेसहाला माझ्या दारात.

"नोटीस लावा, सेक्रेटरीबाई. कॅसेटी भंगारात द्यायच्या नाहीत."

"पण तुमच्याकडे पस्तीस शेपट्या आहेत की. अजून किती?"

"शेपट्यांवर पुस्तक होत नाही," ते म्हणाले. "मला एक पत्र आणि त्याचं पूर्ण उत्तर पाहिजे. एक तरी. या दोन महिन्यांत मिळालं तर मिळालं. नंतर सगळं डंपरमध्ये."

मी नोटीस लावली. रोज त्यांच्या दाराबाहेर पिशव्या येऊन पडायला लागल्या. काका सकाळी नऊला बसायचे, दुपारी पेज खायचे आणि पुन्हा बसायचे. सातव्या आठवड्यापर्यंत शेपट्या त्रेपन्न झाल्या. पूर्ण उत्तर एकही नाही. मी विचारणं बंद केलं, कारण तोंडावरून कळत होतं.

मग आमचा माळा निघाला. पितळेच्या भांड्यांमागे, मोडक्या पाळण्यात, बिस्किटांच्या डब्यात एकच कॅसेट. लेबलावर सासूबाईंचं अक्षर: 'मोहन, पाढे.'

मी ती मोहनला दिली. तो म्हणाला, "असू दे आठवण." मी डब्यात परत ठेवली, डबा खोक्यात टाकला, खोक्याला चिकटपट्टी लावली. पोळ्या केल्या. मग चिकटपट्टी काढली. दोन वर्षांपूर्वी मी त्या माणसाला, माळ्यावर काही नाही, असं न बघताच सांगितलं होतं, ते मला टोचत होतं. कॅसेट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले.

काकांच्या घरी बसायला एकच खुर्ची, बाकी सगळीकडे कॅसेटी. मी त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी कॅसेट लावली. सहा-सात वर्षांचा मोहन बेच्या पाढ्यापासून निघाला. माझा नवरा आज ज्या आवाजात दुधाचा हिशेब करतो, अगदी त्याच आवाजात, फक्त बारीक. सातच्या पाढ्यात, सात आठे म्हणून तो अडला. सासूबाईंचा आवाज आला, "पुढे?" तो रडायला लागला. खट. आणि मग रेडिओची खरखर आणि एका बाईचा शांत, रुंद आवाज.

"...पुढचं पत्र बोरिवलीहून आलं आहे. आपल्या एक भगिनी लिहितात, ताई, माझे यजमान..."

काकांनी टेप बंद केली.

मी म्हटलं, "अहो, चालू ठेवा ना. हेच पाहिजे होतं ना तुम्हाला? अख्खं पत्र आहे."

ते बटणावर बोट ठेवून तसेच बसले. मग उठले आणि कपाटातून एक पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. छापील. आपले पत्र मिळाले, अमुक तारखेच्या कार्यक्रमात उत्तर देण्यात येईल. तारीख शाईने भरलेली. पत्ता याच घराचा. नाव सुलोचना मेस्त्री. त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

"ती गेल्यावर ट्रंकेत सापडलं," काका म्हणाले. "लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाचं. मला बोलली नव्हती. त्या शनिवारी ड्युटी माझीच."

"म्हणजे तुम्हीच..."

"आयकलं असतं तर कळलं असतं. पुसायला आयकावं लागत नाही."

मी कामाचा प्रश्न विचारला. "काय लिहिलं असेल त्यांनी?"

"काय लिहिलं ते मला माहीत आहे. रोज तेच विचारायची. घरी आल्यावर बोलत का नाही? दिवसभर कानात माणसं बोलत असायची गो. घरी आलो की गप्प बरं वाटायचं." ते पोस्टकार्डाकडे बघत होते. "तिचा प्रश्न मला पाठ आहे. उत्तर काय मिळालं, ते पाहिजे. कारण त्यानंतर तिने विचारणं बंद केलं. कायमचं. असं काय बोलली असेल ती बाई?"

एवढं बोलून त्यांनी पुन्हा बटणावर बोट ठेवलं, पण ते काही दाबेना. आधी आयका म्हणणारा माणूस. मग मीच वाकले आणि बटण दाबलं.

"...माझे यजमान झोपेत इतके घोरतात, की मांडणीतली ताटं वाजतात. काही उपाय सांगाल का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. "मी घोरत नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"ती कधी बोलली नाही."

पण ताटं वाजतात हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाईंनीच ते मला ऐकवलं होतं, सासऱ्यांबद्दल, याच शब्दांत. पत्र त्यांचं होतं. बटण चुकून लवकर दाबलं गेलं नव्हतं. स्वतःच्या पत्राचं उत्तर त्यांनी मुद्दाम भरून घेतलं होतं आणि कुणी ऐकू नये म्हणून मुलाच्या पाढ्यांमागे लपवलं होतं. वीस वर्षं एका स्वयंपाकघरात राहिलो आम्ही, आणि मला ही बाई एवढी तयारीची वाटली नव्हती.

इंदूताई सांगत होत्या, की यजमानांना कुशीवर झोपवा, रात्री जड जेवण देऊ नका. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून भरलेलं असल्यामुळे खोलीतले आवाजही त्यात होते. भांडं सरकवल्याचा आवाज आला आणि सासूबाई स्पष्ट म्हणाल्या, "त्यापेक्षा उशी दाबते तोंडावर."

त्यावर दुसरंच कुणीतरी हसलं. एक बाई. हसू आवरत, कुजबुजत म्हणाली, "गप रव गो. टेप चालू आसा."

काकांचा हात हवेत थांबला.

इंदूताईंनी नमस्कार म्हटला, गाणं सुरू झालं, आणि मेस्त्रीकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा गाणं संपेपर्यंत टेप बंद केली नाही.

"सुलू," ते म्हणाले. मग टेप थांबवून, "दुपारी तुझ्या सासूकडे पापड लाटायला जायची."

मी विचार करत होते. मला एकदा धागा मिळाला, की सोडता येत नाही. दोघी मैत्रिणी. दोघींनी इंदूताईंना पत्रं लिहिली. टेपरेकॉर्डर माझ्या सासूबाईंकडे. एकीने आपलं उत्तर भरून घेतलं, तर दुसरीने काय नुसतं ऐकून सोडलं असेल?

मी मान वर केली आणि काकांच्या माळ्याकडे बघितलं. इतरांचे माळे त्यांना पाठ होते. त्यांचा माळा मी कधी बघितला नव्हता, कुणीच बघितला नव्हता. फुलाफुलांचा पडदा, त्यामागे दोन डबे आणि एक निळी ट्रंक.

"त्या ट्रंकेत काय आहे?"

"तिच्या वस्तू. कार्ड मिळालं त्या दिवशी बघितली. मग वर ठेवली."

"कॅसेटी आहेत?"

"चार आहेत. आरत्या."

"ऐकल्यात?"

"लेबलावर लिहिलंय ना. आरत्या."

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

स्टूल मी धरलं. ट्रंक त्यांनी स्वतः उतरवली, मला हात लावू दिला नाही. पुसून पलंगावर ठेवली. मी म्हटलं, मला भाजी टाकायची आहे, आणि खाली आले. भाजी झालेली होती. पण माझ्यासमोर त्यांनी ती ट्रंक उघडली नसती.

पुढचे चार दिवस त्यांचं दार बंद होतं. दाराबाहेर पिशव्या साचल्या. कांबळेबाईंनी दोनदा विचारलं, "काय झालं गं त्यांना?" मी म्हटलं, आरत्या ऐकतायत. पाचव्या दिवशी भाड्याच्या घराचे कागद सही करून घ्यायला मी गेले. वही टेबलावर उघडीच होती. आमची शेपटी चोपन्नावी. त्याखाली नवी नोंद: पंचावन्न. कुणाच्या घरची: स्वतःच्या. किती सेकंद: पूर्ण. 'काय ऐकू आलं' हा रकाना मात्र कोरा. त्या वहीत कोरा रकाना मी पहिल्यांदाच बघितला.

मी खूप चौकस बाई आहे. सोळा नंबरच्या शेपटीवर पंधरा दिवस वाद घातला आहे. पण मी सही घेतली आणि निघाले.

इमारत सोडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी लॅबमधून परत येत होते. काका जिन्यावरून उतरत होते, पिशवी खांद्याला. मी बाजूला झाले, कारण ते नमस्कारापुरतेसुद्धा थांबत नाहीत. ते दोन पायऱ्या खाली गेले. मग परत वर आले.

"आज लॅबमध्ये काय झालं?" त्यांनी विचारलं.

प्रश्न जरा पाठ करून आल्यासारखा होता. मला वाटलं, काही तपासणी करून घ्यायची असेल. "काय पाहिजे होतं, काका?"

"काही नाही. आज काय झालं, ते विचारतोय."

आणि पिशवी खांद्यावरून काढून त्यांनी पायरीवर ठेवली, आणि मी काय सांगते त्याची वाट बघत उभे राहिले.